लोकलच्या डब्यातला आडोसा

रेल्वेत नोकरी केली म्हटलं की लोक विचारतात, ड्रायव्हर होता की गार्ड? दोन्ही नव्हतो म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. मग मी सांगतो, मुंबईत म्हाताऱ्या झालेल्या गाड्या इकडं आणून त्यांना दुसऱ्यांदा संसाराला लावायचं काम मी केलं. यावर बायका हसतात आणि पुरुष ऊसदराकडं वळतात. आज मात्र कागद माझ्या हातात आहे, तेव्हा वळू देणार नाही.

सांगलीजवळ आमचं एक छोटं शेड होतं. आता ते नाही. पत्र्याचं छप्पर, दोन रूळ, एक लोहारभट्टी, एक सुतारकाम करायची पडवी आणि उन्हाळ्यात आतली हवा अशी की वांगी ठेवली तर भाजून निघतील. तिथं मी फोरमन होतो. आमचं घर हळदीचं. वडील चारचौघांत म्हणायचे, "थोरला शेतात घाम गाळतोय आणि धाकटा सरकारचं लोखंड घासतोय." शेडमध्ये मात्र मला सगळे आण्णा म्हणत, आणि आण्णा या शब्दाला साजेल एवढा आवाज मी ठेवला होता. तसा स्वभाव माझा तापटच. हातोडा जागेवर दिसला नाही की मी दिवसभर बोलत राही.

सत्तर सालानंतर आमच्या मार्गावर रुंद रूळ आले. रूळ आले, पण त्यावर चालवायला डबे पुरेनात. त्याच सुमाराला मुंबईकडं विजेवरच्या लोकलचे जुने डबे निकालात निघत होते. आमच्या वरच्या साहेबांच्या डोक्यात आलं की पोलाद अजून धडधाकट आहे, रूळही तेवढाच रुंद आहे, मग मोडीत कशाला घालायचं? त्यांची आपण पॅसेंजर करू. चाचणीसाठी पहिली एक गाडी आमच्या शेडला आली.

बोलायला सोपं. लोकलचा डबा आणि पॅसेंजरचा डबा यात शहरातली जाऊ आणि गावातली जाऊ यांच्याएवढं अंतर. लोकलला वीज वरच्या तारेतून मिळते, इकडं तार नाही. म्हणून चाकाच्या आसाला पट्टा लावून जनित्र फिरवायचं आणि डब्याच्या पोटाखाली बॅटऱ्यांची पेटी बसवायची, तेव्हा कुठं दिवे लागायचे. ब्रेकची तऱ्हा वेगळी, डबा डब्याला जोडायची कडी वेगळी. मुंबईचे फलाट उंच, डब्याच्या जमिनीला लागून. आमच्याकडचे फलाट म्हणजे मुरूम टाकून चोपलेली जागा. तिथून लोकलच्या दारात पाऊल ठेवायचं तर माणसाला घोड्यावर चढता यायला हवं. म्हणून प्रत्येक दाराला पायऱ्या केल्या. आणि सगळ्यात मोठं म्हणजे लोकलला संडास नसतो. तासाभरात माणूस घरी पोचतो, त्याला कशाला हवा? आमची पॅसेंजर सांगलीहून निघाली की कोरेगाव, लोणंद करत दिवस खायची. तेव्हा प्रत्येक डब्यात संडास करणं आलं.

ही सगळी लाकडी कामं ज्याच्या हातची, तो तातोबा सुतार. कोरेगावकडच्या एका खेड्यातला. अंगानं किरकोळ, बोलायला फटकळ, आणि रंधा हातात घेतला की जेवणाची शुद्ध नसलेला. तो आमच्याकडं किती वर्षं होता म्हणाल तर बरीच, पण हंगामी. हंगामी म्हणजे काम आहे तोवर ये, नाही त्या दिवशी घरी. त्याला खोली नाही, रजा नाही आणि पास नाही. कायम नोकराला घरच्या माणसांसकट फुकट प्रवासाचा पास मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तातोबाची बायको सोनाबाई गावाकडं सासू-सासऱ्यांपाशी. तिनं सांगली पाहिली नव्हती.

"आण्णा," तो एकदा बाकाला घासकागद मारता मारता म्हणाला, "रेल्वेची इतकी बाकं केली, पर माझी बायकू त्यातल्या एकावर बसली न्हाई. कायम झालो की पैल्या पासावर तिला माज्या हातच्या बाकावर बसवून आननार."

साहेबांनी शब्द दिला होता. ही पहिली गाडी लोकांनी पत्करली, तर आणखी गाड्या याच शेडला मिळतील आणि हंगामी माणसं कायम होतील. नाही पत्करली, तर हे काम बंद आणि हंगामी माणसं घरी. म्हणजे सात-आठ घरांचं नशीब त्या डब्यांना बांधलेलं होतं. तातोबा ते बोलून दाखवायचा नाही, पण त्या गाडीच्या बाकांना त्यानं जेवढा हात दिला तेवढा कुणी स्वतःच्या देव्हाऱ्याला देत नसेल.

नकाशा वरून आला होता आणि त्यात एक अट ठळक होती. एकही बैठक कमी व्हायची नाही. मग संडास बसवायचा कुठं? आम्ही डोकं लढवलं आणि डब्याच्या टोकाच्या कोपऱ्यात एक चौकोनी खोली उभी केली, दार समोर, बाकांकडं तोंड करून. एकही बैठक गेली नाही. मला तर वाटलं, यासाठी साहेब आपली पाठ थोपटणार. शेडमधल्या सगळ्या पुरुषांनी आळीपाळीनं आत जाऊन, कडी लावून, बाहेर येऊन सांगितलं, झकास झालंय.

गाडी सुरू झाली आणि पहिले काही दिवस आमची नुसती करमणूक झाली. लोकलमध्ये उभ्या माणसाला धरायला वरून कड्या लोंबतात. नकाशात लिहिलं होतं, काढा. तातोबा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, कामाला येतील." आल्या. कुणी त्याला भाकरीचं गठुळं अडकवलं, कुणी छत्री. एका बाईनं दोन कड्यांना लुगडं बांधून झोळी केली आणि लेकराला त्यात घालून स्वतः डुलक्या काढायला लागली. गाडी झोके देतच होती. लेकरू सांगलीपर्यंत उठलं नाही.

एका डब्यात दारावरची मुंबईच्या स्टेशनांच्या नावांची जुनी पट्टी काढायची आमच्याकडून राहिली होती. एक आजोबा चष्मा लावून ती सगळी वाचत बसले आणि मग मला म्हणाले, "आवं, लोनंदाच्या म्होरं ह्यो दादर कुटं लागतूया? आमच्या येळंला न्हवता." मी म्हटलं, नवीन झालाय. ते समाधानानं बसले.

मग हळूहळू हसू मावळलं. गाडी रिकामी जायला लागली. एखादा दिवस बाजार नसेल म्हणून, एखादा दिवस पाऊस म्हणून, असं आम्ही स्वतःला समजावत होतो. पण बाजाराच्या दिवशीसुद्धा बाकं मोकळी आणि तिकडं एस.टी.च्या टपावर माणसं. साहेबांचा निरोप आला. महिनाअखेर येऊन बघतो, हीच परिस्थिती असेल तर गाडी मोडीत. लोकांना मुंबईचा जुना माल आवडलेला दिसत नाही, असंही त्यांनी वर ऐकवलं.

माझं डोकंच फिरलं. जुना माल? मी दुसऱ्या दिवशी सकाळी तातोबाला बरोबर घेतलं आणि गाडीत जाऊन बसलो. म्हटलं, लोकांच्याच तोंडून ऐकू काय खुपतंय ते.

ऐकलं, आणि जास्तच गोंधळलो. माधवनगरचा एक यंत्रमागवाला म्हणाला, "डबा लय लांबडा हाय. हाक मारली तर दुसऱ्या टोकाला जात न्हाई." त्याला हाक कुणाला मारायची होती कळलं नाही. एक गुळाचा व्यापारी म्हणाला, पंख्याचा वारा उलटा लागतो. कोरेगावला एक पेन्शनर सुभेदार चढले. मिशा, काठी, पायांत करकरणारे बूट. ते म्हणाले, "फोरमन, सगळ्या पब्लिकला एका बराकीत बसवलंय तुमी. आपल्याला काय न्हाई, आपन बराकीतच जन्म काढला. पर आमची सूनबाई यायला तयार न्हाई. तिच्या पाठदुखीचं सांगलीच्या डाक्टरकडं दाखवायचं चाललंय. आदी गाडीनं यायची. आता म्हनती, मामंजी, गाडी लागती, यष्टीनं जाऊ. आयला, रेल्वे लागनारी मानसं मी मिलिट्रीत पन बघितली न्हाईत."

"ओकाऱ्या व्हत्यात का?" तातोबानं विचारलं.

"एकबी न्हाई. म्हनून तर म्हनतोय."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की डब्यात पुरुषच पुरुष होते. बाईमाणूस जवळजवळ नव्हतंच. आमच्याकडं एकटा पुरुष प्रवासाला कमीच निघतो. लेकीला पोचवायला, सुनेला आणायला, देवाला, लग्नाला, सगळं कुटुंब मिळून निघतं. बाई एस.टी.नं म्हणाली की पाच तिकिटं एस.टी.कडं. गाडी रिकामी व्हायचं कारण बायकांकडं होतं, आणि बायकांना विचारणार कोण? मी विचारून बघितलं. डब्यात एक नवरा-बायको होते, तिला अगदी आदरानं विचारलं, ताई, या गाडीत काही अडचण आहे का? तिनं पदर पुढं ओढून खिडकीबाहेर तोंड केलं आणि तिचा नवरा माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागला की मी पुढच्या बाकावर जाऊन बसलो.

सोडवणूक केली ती हौसाक्का कासारणीनं. गावोगाव बांगड्या भरत फिरणारी, डोक्यावर बांगड्यांची पाटी, वय साठीच्या पुढं. गावातल्या प्रत्येक सुनेचं मनगट तिच्या हातातून गेलेलं, आणि मनगटाबरोबर मनातलंही. ती दारापाशी पाटी टेकून बसली होती आणि आमची चौकशी मघापासून ऐकत होती.

"फोरमन," ती म्हणाली, "कवाधरनं बघतीया, गड्यांस्नी इचारतूयास. गडी काय सांगतील? इकडं ये."

मी गेलो. तिनं कोपऱ्यातल्या संडासाकडं हनुवटी केली.

"ते दार कुनी क्येलं?"

"आम्हीच."

"तुज्या घरी बाईमानूस हाय का न्हाई?"

मी म्हटलं, आहे. आई आहे, बायको आहे, दोन मुली आहेत.

"मंग? समूर सासरा बसलेला, मोठा दीर बसलेला, गावचा पाटील बसलेला. आनि ह्या सगळ्यांच्या डोळ्यादेखत सुनंनं उठायचं, त्या दाराकडं चालत जायाचं, आनि कडी लावायची व्हय? कडीचा आवाज पार त्या टोकाला जातूया. मरंल पर जायाची न्हाई. जुन्या डब्यात ते दारापाशी आडबाजूला हुतं. बाई वारं खायाला उठली का कशाला, कुनाला कळत न्हवतं. तरी निम्म्या बाया तहानल्याच जायच्या. ह्यात तर आदल्या सांजंपासनं पानी सोडाय लागतंय. त्यापरीस यष्टी बरी, ष्ट्यांडावर थांबती तरी."

बायकांचा वेगळा डबा गाडीला होता, हे मी चाचरत बोलून बघितलं. ती म्हणाली, "घरच्या मानसांसंगं निगालेली सून येकटी तिकडं बसंल व्हय? कायतरीच तुजं."

मी तातोबाकडं बघितलं. तो त्या दाराकडं बघत होता. ते दार त्यानं तीन वेळा उतरवून पुन्हा बसवलं होतं, फट राहू नये म्हणून.

खरं सांगतो, मला लाज वाटली, पण त्याहून जास्त हसू आलं. सगळं शेड आळीपाळीनं त्या संडासात जाऊन आलं होतं आणि सगळे पुरुष. एकाच्याही मनात आलं नाही की या दारापर्यंत चालत जाणं हेच कुणाला जड असेल. एवढंच आमचं शहाणपण.

तातोबा म्हणाला, "दार फिरवू. शेवटची बाकं काढू, मधी लाकडाची भित घालू. बोळ व्हईल. दार बोळात."

हौसाक्का म्हणाली, "नुसती भित घालून काय? भितीमागं गेली म्हंजे कुठं गेली, ते शेंबड्या पोरालाबी कळतंय. बाईला निमित्त पायजे रं. परसाकडं जाताना बी आमी हातात चार गवऱ्या घेऊनच उठतोय."

त्या वाक्यावर तातोबानं कानावरची पेन्सिल काढली आणि तिथंच बाकावर रेघा मारायला सुरुवात केली. बोळाच्या तोंडाशी पाण्याची टाकी, तिला तोटी, खाली हात धुवायला जस्ताचं भांडं. म्हणजे त्या बाजूला उठलेलं माणूस पाणी प्यायला उठलं, पोराचं तोंड धुवायला उठलं, पेला विसळायला उठलं. पुढं कुठं गेलं ते भिंतीआड. आणि तोटी वाहत असली की कडीचा आवाज कुणाला?

अडचण एकच होती. बैठका कमी होणार होत्या, आणि नकाशात ठळक लिहिलं होतं, होणार नाहीत. मंजुरी मागितली असती तर ती गाडी मोडीत गेल्यावर आली असती. मी तातोबाला म्हटलं, "बघ गड्या, चुकलं तर माझी बदली होईल, तुझं मात्र सगळंच जाईल."

"आत्ता काय ऱ्हायलंय आण्णा?" तो म्हणाला. "चला, करवत काढू."

आम्ही मंजुरीवाचून डबे कापले. रात्रंदिवस वगैरे नाही, सरळ दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर, आणि कुणी विचारलं तर दुरुस्ती म्हणून सांगत. तातोबानं भिंतीला वरच्या बाजूला झडपा ठेवल्या, उजेड यावा आणि डोकं दिसू नये अशा. गाडी पुन्हा मार्गावर सोडली. जाहिरात करायची गरज पडली नाही, हौसाक्का हिंडतच होती. सातारा ते सांगली जेवढ्या बांगड्या भरल्या गेल्या, तेवढ्या घरांत बातमी पोचली. आठवडा झाला नाही तोच गाडीत गठुळी, लेकरं, गजरे, भांडणं, सगळं परत आलं. सुभेदारांच्या सूनबाईंची गाडी लागायची थांबली. सुभेदार म्हणाले, सांगलीच्या डॉक्टरचा गुण.

महिनाअखेर साहेब आले. नागपूरकडचे, जाडजूड, कमी बोलणारे. डब्यात पाऊल ठेवलं आणि त्यांची नजर सरळ टोकाला गेली.

"इथली बाकं कुठं गेली?"

मी म्हटलं, "साहेब, आधी बसा. थोडा प्रवास करू, मग सांगतो."

"मी विचारतो आहे ते आत्ता सांगा."

आता साहेबाला भरल्या डब्यात, आयाबायांसमोर, काय सांगू? मी घसा खाकरला, टोपी नीट केली, पुन्हा खाकरला. तातोबा माझ्या मागं उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तेवढ्यात गाडी हलली आणि साहेबांना बसावं लागलं. ते बसले आणि बघत राहिले. एक सून पेला घेऊन उठली, थोड्या वेळानं पाणी घेऊन परत आली. मग एक म्हातारी तांब्या घेऊन. मग एक बाई पोराला घेऊन, त्याचे हात स्वच्छच होते. मग पुन्हा दुसरी कुणी पेला घेऊन.

"काय हो," साहेब हळूच म्हणाले, "इकडच्या लोकांना तहान फार लागते का?"

मी म्हटलं, "हो साहेब."

गाडी पुढं चालली. सकाळी त्यांना आमच्या शेडमध्ये दोनदा चहा झाला होता, आणि वर सांगलीहून परतणाऱ्या सुभेदारांनी गाडीत आग्रह करून ताकही पाजलं होतं. बऱ्याच वेळानं साहेब चुळबुळायला लागले. त्यांनी डब्यात एकदा नजर टाकली. सगळे त्यांच्याकडंच बघत होते, कारण साहेब बघायला रोज मिळत नाही. मग त्यांनी शेजारच्या म्हातारीला विचारलं, "आजी, तुमचा पेला घेऊ का जरा?" आणि तो हातात धरून ते टोकाकडं चालू लागले.

परत आल्यावर त्यांनी पेला म्हातारीला दिला, रुमालानं हात पुसले आणि मला म्हणाले, "नकाशा बदलून पाठवतो."

पुढं आणखी गाड्या आल्या. सगळ्यांना बोळ झाला. ते डबेही आता कधीचेच मोडीत गेले, त्यांची जागा चांगल्या नव्या डब्यांनी घेतली, आणि ते व्हायलाच हवं होतं. तरी एखादं बाक, एखादी लाकडी झडप कुणीतरी ठेवायला हवी होती असं मला वाटतं. मीच ठेवली नाही. नोकरीत असताना माणसाला वाटतं, हे काय, उद्या दुसरं करू.

तातोबा कायम झाला. आमच्या शेडमधली सगळी हंगामी माणसं एकदम झाली नाहीत, दोघांना बरंच थांबावं लागलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण तातोबाचा पास सगळ्यांत आधी आला. त्यानं रजा टाकली, गावी गेला आणि येताना सोनाबाईला आणि म्हाताऱ्या वडलांना घेऊन गाडीत बसला. मी त्या दिवशी कामानिमित्त कोरेगावहून त्याच डब्यात होतो. सोनाबाई हिरव्या लुगड्यात, सासऱ्यासमोर अंग चोरून खिडकीशी बसलेली. तातोबा तिला बाक दाखवत होता, हा सांधा कसा केला, ही कड कशी मारली. तिनं एकदा हात फिरवला आणि पुन्हा बाहेर बघायला लागली. बाकाचं तिला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. तातोबा जरा हिरमुसला.

काही स्टेशनं गेली. मग तिनं गठुळ्यातून पितळी पेला काढला आणि उठली.

"कुटं गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"पानी पियाला, मामंजी."

ती गेली. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि पेला काठोकाठ भरलेला. खिडकीशी बसून तिनं तो घाई न करता, घोट घोट करत सगळा संपवला. तातोबा तिच्याकडं बघत राहिला. मग माझ्याकडं वळून तो हळू आवाजात म्हणाला, "आण्णा, हिला मी म्हायेराला न्हेली, देवाला न्हेली, बैलगाडीनं, यष्टीनं. परवासात पानी पिताना आज पैल्यांदा बघितली. मला वाटायचं, हिला तहानच लागत न्हाई."

मलाही माझ्या घरच्या बायकांबद्दल तसंच वाटत आलं होतं.

तातोबानं तिच्या हातातला पेला घेतला. वडील समोर बसलेले, डबा भरलेला, आमच्याकडचा काळ तेव्हाचा. तो उठला, टोकाला गेला, तोटीचं पाणी भरून आला आणि पेला तिच्यापुढं धरला. तिनं आधी सासऱ्यांकडं बघितलं. म्हातारा खिडकीबाहेर बघत होता. मग तिनं पेला घेतला आणि तोही प्यायली.